एफएम केंद्रांचे अर्थकारण : श्रोतृमापन, फॉरमॅट आणि नफा (इंदूर)

शहरातील खासगी नभोवाणी केंद्राचा श्रोतावर्ग, त्याने निवडलेला कार्यक्रमांचा साचा म्हणजेच फॉरमॅट, आणि वर्षअखेर त्याच्या हाती उरणारा नफा या तिन्हींचा परस्परसंबंध हा या नोंदीचा विषय आहे. एफएमचा श्रोता केंद्राला काहीच देत नाही. तो ऐकतो, आणि त्याचे हे ऐकणे दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत जाहिरातदाराला विकले जाते. त्यामुळे केंद्राची कमाई दोन गोष्टींवर ठरते : श्रोते किती आहेत, आणि ते आहेत हे विकत घेणाऱ्याला कशाच्या आधारे पटवता येते. मोठ्या महानगरांत या दोन गोष्टी बऱ्याच अंशी एकत्र चालतात. इंदूरसारख्या शहरात त्यांच्यात अंतर पडते, आणि म्हणूनच या विषयाच्या अभ्यासाला इंदूर विशेष उपयोगी आहे.

इंदूरचे आकाशवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. ‘मालवा हाउस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रावर नंदाजी आणि भेराजी ही पात्रे माळवी बोलीत शेतकऱ्यांशी गप्पा मारत, आणि त्यांची लोकप्रियता गावोगावी पोहोचली होती. ही लोकप्रियता केंद्राच्या ताळेबंदात कुठे दिसत नसे, कारण केंद्राचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असे. लोकप्रियतेला बाजारभाव आला तो खासगी एफएमबरोबर. भारतातील पहिले खासगी एफएम केंद्र जुलै २००१ मध्ये बंगळूरला सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘रेडिओ मिर्ची’ने आपले पहिले केंद्र इंदुरात उघडले. देशभर पसरलेल्या या साखळीची सुरुवात मुंबई वा दिल्लीतून न होता इंदुरातून झाली, ही गोष्ट इंदूरकरांना आजही अभिमानाची वाटते. पुढे ९२.७ बिग एफएम, ९३.५ रेड एफएम आणि ९४.३ माय एफएम आल्यावर शहरातील स्पर्धेला तिचे परिचित स्वरूप आले.

खर्चाची बाजू आधी पाहणे योग्य, कारण श्रोतृमापनाला एवढे महत्त्व का येते याचे उत्तर तिथेच आहे. प्रक्षेपक, मनोऱ्याचे भाडे, वीज, स्टुडिओ, निवेदकांचे पगार आणि परवाना शुल्क हे सारे ठरावीक खर्च आहेत. दहा हजार लोक ऐकोत वा पाच लाख, त्यांत फरक पडत नाही. म्हणून हे खर्च भागेपर्यंत केंद्र तोट्यात असते आणि ते भागल्यानंतर येणारा बहुतेक रुपया थेट नफ्यात जमा होतो. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यातील परवान्यांत बोलीने ठरलेले शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे आणि या ओझ्याखाली अनेक परवानाधारकांना केंद्रे सुरूच करता आली नाहीत. २००५ च्या धोरणाने एकदाच द्यायचे प्रवेश शुल्क आणि त्यानंतर ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के वार्षिक शुल्क (किमान मर्यादेसह) अशी पद्धत आणली. खासगी एफएम मध्यम शहरांत टिकले त्याचे श्रेय प्रामुख्याने या बदलाला द्यावे लागेल. गाण्यांच्या स्वामित्वधनाचीही अशीच कथा आहे. कॉपीराइट बोर्डाने ऑगस्ट २०१० मध्ये ध्वनिमुद्रणांचे स्वामित्वधन जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले, तेव्हा गाण्यांचा खर्च कमाईच्या प्रमाणात आला. २०२० च्या अखेरीस बौद्धिक संपदा अपील मंडळाने पुन्हा गाणी वाजवल्याच्या तासांचा हिशेब आणला. तासाचा हिशेब असला की प्रत्येक गाणे खर्चिक होते आणि बोलणे त्यामानाने स्वस्त पडते. म्हणजे स्वामित्वधनाचा नियमही फॉरमॅटवर परिणाम करतो.

श्रोतृमापन : केंद्राचा श्रोतृवाटा, म्हणजे शहरातील एकूण ऐकण्यात त्याचा हिस्सा, दोन संख्यांच्या गुणाकारातून येतो. किती लोकांनी ते लावले ही पहिली संख्या, आणि लावल्यावर प्रत्येकाने किती वेळ ऐकले ही दुसरी. दोन केंद्रांचा वाटा सारखा असूनही एकाकडे थोडे थोडे ऐकणारे पुष्कळ लोक आणि दुसऱ्याकडे तासन्‌तास ऐकणारे मोजके लोक असू शकतात. दुकानाच्या सेलची बातमी दोन दिवसांत शहरभर पोहोचवायची असेल तर पहिले केंद्र उपयोगाचे, आणि एकच नाव मनावर ठसवायचे असेल तर दुसरे. वाट्याचा एकच आकडा पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही.

टॅम मीडिया रिसर्च या संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेली ‘रॅम’ ही मोजणी निवडक श्रोत्यांकडून रोजनिशी भरून घेत असे आणि ती मुंबई, दिल्ली, बंगळूर व कोलकाता या चार महानगरांपुरती राहिली. इंदूर तिच्या कक्षेत आले नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १९.६ लाख वस्ती असलेल्या या शहराला केंद्रांनी स्वतः करवून घेतलेल्या पाहण्यांवर आणि ‘काल तुम्ही काय ऐकलेत?’ असे विचारणाऱ्या अधूनमधूनच्या सर्वेक्षणांवर भागवावे लागते. प्रत्येक केंद्र त्यातून स्वतःला अनुकूल असा वयोगट किंवा वेळ निवडते, आणि त्यामुळे एकाच वेळी दोन केंद्रे आपण ‘नंबर एक’ असल्याचे सांगू शकतात, तेही खोटे न बोलता.

सततची मोजणी असती तरी तिच्या आकड्यांकडे सावधपणे पाहावे लागले असते. ५०० जणांच्या नमुन्यात एखाद्या केंद्राचा वाटा २० टक्के निघाला, तर संख्याशास्त्रीय नियमानुसार त्यात सुमारे साडेतीन टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. म्हणजे २० टक्क्यांचे पहिले केंद्र आणि १८ टक्क्यांचे दुसरे केंद्र यांच्यातील क्रम केवळ योगायोगाचा असू शकतो. जाहिरात एजन्सी मात्र या क्रमावरच पैसे वाटते : बजेट अपुरे असले की पहिल्या एक-दोन केंद्रांना काम मिळते आणि उरलेल्यांना दर पाडून किंवा बोनस स्पॉट (फुकटच्या जादा जाहिराती) देऊन आपली वेळ विकावी लागते. श्रोत्यांमधला अल्पसा फरक अशा रीतीने नफ्यात मोठा होऊन उतरतो. हा या व्यवसायातील सर्वांत अन्यायकारक भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सरकारी जाहिरातींत श्रोतृसंख्या आणि दर यांचे नाते सूत्रबद्ध असते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये खासगी एफएमचा मूळ दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. प्रत्यक्ष दर काढताना शहराची लोकसंख्या आणि श्रोतृसंख्या विचारात घेतली जाते.

फॉरमॅट : इंदुरातील एफएमची सुई फिरवली की बहुतेक वेळ नवी हिंदी चित्रपटगीते ऐकू येतात. यामागे कल्पकतेची उणीव असल्याची तक्रार अनेकदा होते, पण खरे कारण आर्थिक आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्येच दाखवून दिले होते की, बहुसंख्य श्रोत्यांची आवड एकच असेल, तर त्या आवडीचा तिसरा किंवा चौथा वाटा मिळवणे हे छोट्या गटाची संपूर्ण पसंती मिळवण्यापेक्षा फायद्याचे ठरते. समजा, १०० पैकी ८० श्रोत्यांना नवी गाणी आणि १५ जणांना जुनी गाणी हवी आहेत. चारही केंद्रांनी नवी गाणी लावली तरी प्रत्येकाला २० श्रोते मिळतात; जुन्या गाण्यांकडे वळणाऱ्याला पंधराच मिळतील. पाचवे आणि सहावे केंद्र आल्यावरच जुन्या गाण्यांचा विचार परवडू लागतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो श्रोत्याच्या खिशाशी संबंधित आहे. पंधरा श्रोते चाळिशीपुढचे, घर-गाडी घेणारे असतील तर त्यांच्या दहा सेकंदांना जास्त दर मिळू शकतो. बिग एफएमवरील ‘सुहाना सफर विद अन्नू कपूर’ या जुन्या चित्रपटसंगीताच्या कार्यक्रमाने हे व्यवहारात दाखवून दिले : एकदा ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम अनेक शहरांत वाजतो, खर्च विभागला जातो आणि प्रायोजकाला ओळखीचा आवाज मिळतो. मात्र साखळीतून आलेला कार्यक्रम राजवाड्याजवळच्या कोंडीबद्दल किंवा सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीबद्दल बोलू शकत नाही, आणि स्थानिक केंद्राकडे लोक वळतात ते नेमके या बोलण्यासाठी. बातम्यांचा मार्ग तर बंदच आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची मुभा दिली आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नागरी सुविधांच्या सूचना यांना बातम्यांतून वगळले, एवढीच सवलत आहे. त्यामुळे गाण्यांपासून वेगळे होण्याचा सर्वांत मोठा रस्ता केंद्रांच्या हाती नाही.

एकाच मालकाकडे शहरातील दोन केंद्रे असली तर तो ती एकमेकांविरुद्ध लावत नाही, वेगळी करतो. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर मालकी एकवटली, तेव्हा केंद्रांच्या संख्येच्या मानाने फॉरमॅटचे वैविध्य वाढल्याचे बेरी आणि वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांना २००१ मध्ये आढळले. भारतात २०११ च्या धोरणाने एका शहरात एकाहून अधिक वाहिन्या घेण्यास अटींसह परवानगी दिली आहे.

स्थानिक विक्री : ज्या शहरात मोजणी विश्वासार्ह नसते तिथे विक्री प्रतिनिधीचे पाय मोजणीची जागा घेतात. कोचिंग क्लास, बायपासकडील वसाहतींचे विकासक, साडीची दुकाने, सराफ, रुग्णालये हे इंदूरच्या केंद्रांचे नेहमीचे ग्राहक. यांतील दुकानदार श्रोतृवाट्याचा तक्ता क्वचितच मागतो. रविवारी किती लोक दुकानात आले आणि त्यांपैकी कितींनी रेडिओचे नाव घेतले, हे तो स्वतः पाहतो. यामुळे निवेदकाने दुकानातून केलेले प्रक्षेपण, श्रोत्यांच्या स्पर्धा, गरबा आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम यांना महत्त्व आले. हे उत्पन्न सेकंदांच्या साठ्यावर अवलंबून नसते. तास जाहिरातींनी भरला की श्रोता सुई फिरवतो. प्रायोजित कार्यक्रमात तेवढी भीती नसते. २०२० मध्ये बाजार बंद पडले तेव्हा देशातील नभोवाणीचे जाहिरात उत्पन्न आधीच्या वर्षाच्या निम्म्याहून खाली गेले, यावरून हा व्यवसाय दुकानदारीशी किती घट्ट बांधलेला आहे ते लक्षात येते.

मराठी श्रोता : होळकरांच्या काळापासून इंदुरात राहणारा मराठी समाज मोठा आहे, सानंद न्यास या स्थानिक सांस्कृतिक संस्थेच्या मराठी नाटकांना येणारा प्रेक्षक त्याची साक्ष देतो. खासगी एफएमची भाषा मात्र हिंदी आहे. वाल्डफोगेल यांनी २००३ मध्ये मांडलेला निष्कर्ष इथे नेमका लागू पडतो : ठरावीक खर्चाच्या बाजारात माणसाला हवी ती वस्तू मिळणे हे त्याच्यासारखी आवड असणारे किती जण जवळपास आहेत यावर ठरते. त्यात मोजणीची अडचण मिसळते. समजा, ५०० जणांच्या नमुन्यात मराठी घरांतले २० जण आले, तर त्यांच्यापैकी निम्मे अमुक केंद्र ऐकतात या विधानात बावीस टक्क्यांपर्यंत चूक संभवते. असा आकडा कोणत्याही एजन्सीला विकता येत नाही. इंदूरचा मराठी माणूस दुभाषी आहे, हिंदी गाणी तो आवडीने ऐकतो. त्यामुळे तो आधीच केंद्राच्या श्रोत्यांत मोजला गेलेला असतो आणि त्याच्यासाठी वेगळा तास काढून केंद्राला नवा श्रोता मिळत नाही. उलट, तेवढा वेळ इतर श्रोते दुरावण्याची शक्यता असते. मराठी तासाला परवडेल असा मार्ग प्रायोजकाचाच उरतो. गुढीपाडव्याला किंवा दिवाळी पहाटेला मराठी गाण्यांचा तास मागणारा सराफ किंवा मिठाईवाला श्रोतृवाटा विचारत नाही. त्याच्या दुकानात मराठी घरांची यादी असते, आणि त्या यादीवर दर ठरू शकतो.