इंग्रजी शिकणाऱ्यांचा शब्दकोश

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांसाठी रचलेला, इंग्रजी शब्द सोप्या इंग्रजीतूनच समजावून देणारा कोश. इंग्रजीत याला ‘लर्नर्स डिक्शनरी’ म्हणतात. सर्वसाधारण कोश उघडणारा वाचक बहुधा वाचताना अडलेला असतो. हा कोश उघडणाऱ्याला तोच शब्द उद्या स्वतःच्या वाक्यात वापरायचाही असतो. म्हणून येथे अर्थाच्या बरोबरीने शब्दाचे व्याकरण, उदाहरणवाक्ये आणि त्याच्या आजूबाजूला येणारे शब्द यांना जागा मिळते.

या कोशप्रकाराची जडणघडण इंग्लंडात कमी आणि ढाका व तोक्यो येथे जास्त झाली, तीही वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हातून. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या कोशांत सोपा शब्द कठीण शब्दांनी समजावण्याची खोड होती. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘नेटवर्क’चा अर्थ देताना ‘रेटिक्युलेटेड’, ‘डेकसेटेड’ आणि ‘इंटरस्टिसेस’ हे शब्द आले आहेत. ज्याला जाळ्याचा शब्द कळला नाही, त्याने हे तीन कुठे शोधायचे?

ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देणारे मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) भारतीय शिक्षण सेवेत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली आणि तेच तत्त्व पुढे कोशाला लावले. जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर १९३५ मध्ये काढलेल्या त्यांच्या कोशात २४,००० हून अधिक शब्द व वाक्प्रचार केवळ १,४९० शब्दांच्या आधारे समजावले आहेत. एवढे शब्द येत असले की बाकीचा कोश वाचता येतो, हे गणित. त्याची किंमतही मोजावी लागते: बंधनामुळे व्याख्या लांबतात, आणि झाडे, पक्षी, मासे यांच्याबाबतीत ‘एक प्रकारचा पक्षी’ यापलीकडे फारसे हाती लागत नाही.

तोक्योतील काम वेगळ्या अंगाने गेले. हॅरल्ड पामर १९२२ मध्ये जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून तेथे पोहोचले. कोणते शब्द कोणत्या शब्दांबरोबर ठरावीक जोडीने येतात, याची मोठी यादी त्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) यांनी ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड यांच्यासह केलेला कोश तोक्योच्या काइताकुशा प्रकाशनाने १९४२ मध्ये छापला. तेव्हा जपान आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू होते. ऑक्सफर्डने १९४८ मध्ये त्याचेच पुनर्मुद्रण केले आणि पुढे तो ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ या नावाने जगभर पोहोचला. १९६१ मध्ये स्थापन झालेला हॉर्नबी यांच्या नावाचा न्यास अजूनही इंग्रजी शिक्षकांना शिष्यवृत्त्या देतो.

हॉर्नबींनी दोन गोष्टी नोंदीत आणल्या आणि मराठी विद्यार्थ्याच्या नेमक्या चुका तिथेच असतात. पहिली, नाम मोजता येणारे की न मोजता येणारे याची खूण. मराठीत ‘दोन सल्ले’ सहज म्हणता येते, म्हणून ‘ॲडव्हाइसेस’ लिहिले जाते; ‘फर्निचर्स’ आणि ‘इक्विपमेंट्स’ तर कार्यालयीन पत्रांतही दिसतात. दुसरी, क्रियापदाची रचना. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, त्यामुळे ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ आपोआप येते. ‘टोल्ड मी टू गो’ चालते म्हणून ‘सजेस्टेड मी टू गो’ही चालेल असे वाटते, पण चालत नाही. ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे एवढे पाठ केल्याने ही चूक टळत नाही. हॉर्नबींनी क्रियापदांचे २५ नमुने पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला होता. हे क्रमांक पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नसे, आणि नंतरच्या आवृत्त्यांनी ते काढून रचना सरळ शब्दांत दिली. ते योग्यच झाले.

१९७८ मध्ये लाँगमनच्या कोशाने सुमारे २,००० शब्दांत व्याख्या देण्याचे वेस्टचे तत्त्व पुन्हा उचलले. त्यानंतरचा मोठा बदल बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने केला. प्रत्यक्ष छापलेले आणि बोललेले इंग्रजी संगणकात साठवून, म्हणजे कॉर्पस उभारून, कॉलिन्सचा ‘कोबिल्ड’ कोश १९८७ मध्ये निघाला. त्यात व्याख्या पूर्ण वाक्यात असते: एखाद्या माणसाने अमुक गोष्टीबाबत असे केले, तर त्याला हे म्हणतात. असे लिहिले की क्रियापदाचा कर्ता माणूस असतो की वस्तू, हे व्याख्येतच कळते. ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन टिकणे, हा अर्थ जुनाच. पण जे सुरू होते ते बहुतेक वेळा नकोसे असते, जसे कूज, मंदी, निराशा, ही गोष्ट सिंक्लेअर यांनी दाखवली ती साठवलेली वाक्ये एकाखाली एक लावून.

मराठी घरांतला ओळखीचा कोश मात्र द्विभाषी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची (१८३१) उलटी बाजू म्हणजे टॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश (१८४७). अलीकडच्यांत रमेश वामन धोंगडे यांनी संपादित केलेला ऑक्सफर्डचा इंग्रजी-मराठी कोश आहे. ‘इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच पाहा’ हा शिक्षकांचा आग्रह सरसकट मानण्यासारखा नाही. ‘ब्रिंजल’साठी वांगे हा एक शब्द पुरतो, रंग, आकार, जात सांगणाऱ्या दोन ओळी वाचून उलट गोंधळ होतो. क्रियापदे, अव्यये आणि भाववाचक नामे यांसाठी मात्र मराठी प्रतिशब्दावर थांबणे महागात पडते.

उच्चारांबाबतही असेच. द्विभाषी कोशांत देवनागरीत दिलेला उच्चार लवकर वाचता येतो आणि ‘ॲ’, ‘ऑ’ ही चिन्हे मराठीत असल्याने बरेच साधते. पण ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांतला ओठांचा फरक त्या लिपीत धड पकडता येत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांचे कोश त्यासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरतात आणि आता संकेतस्थळांवर उच्चार ऐकताही येतो.

छापील कोशांचा बाजार त्यामुळे आकसला. २००२ मध्ये सुरू झालेल्या मॅकमिलनच्या कोशाने २०१२ मध्ये छपाई थांबवत असल्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये त्याचे संकेतस्थळही बंद झाले. हॉर्नबींपासून चालत आलेल्या ऑक्सफर्डच्या कोशाची दहावी आवृत्ती २०२० मध्ये निघाली, ती मात्र कागदावरही.