आयडलिंगची थरथर: आरपीएम वाढवणे हा इलाज नव्हे

उभी गाडी थरथरू लागली की ‘आयडलिंग थोडे वाढवून घ्या’, म्हणजे उभ्या गाडीतील इंजिनाचा फिरण्याचा वेग वाढवा, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू फिरवून ते करता येत असे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र आयडलिंग साधारण ७०० ते ८५० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) राखण्याचे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, करतो आणि ते जबरदस्तीने वाढवल्यास मूळ दोष फक्त झाकला जातो, शिवाय पेट्रोल जास्त जळते.

थरथर अनियमित, मध्येच गचका देणारी असेल, तर बहुधा एखादा सिलिंडर मिसफायर होत असतो, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसते. गाडीला जोडलेल्या दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला, तर दोष दुसऱ्या सिलिंडरचा. त्याची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज पुरवणारी) तिसऱ्यावर बसवून कोड पी०३०३ झाला, तर कॉइलच खराब आहे, आणि कोड पी०३०२ च राहिल्यास स्पार्क प्लग, इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावे. ही चाचणी बिनखर्चाची असूनही अनेकदा टाळली जाते, हे खटकते.

इंजिन एकसारखे चालूनही ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून ‘डी’ (ड्राइव्ह) गिअरमध्ये हादरत असेल आणि ‘एन’मध्ये (न्यूट्रल) शांत होत असेल, तर प्रथम इंजिन माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर बसवलेले असते त्यांचे, रबर पाहावे. तीन सिलिंडरच्या इंजिनात किंचित कंप मुळातच असतो.