फादरला सांगितलं की पाप माफ?

‘ख्रिस्ती माणसाने फादरच्या कानात पाप सांगितलं की ते माफ, पुन्हा करायला मोकळा.’ हा समज होणं स्वाभाविक आहे, कारण बाहेरून दिसतं ते एवढंच: टेकलेले गुडघे, कुजबुज, आशीर्वाद. गोव्यात याला कुमसार म्हणतात.

पण कॅथलिक शिकवणीत आधी मनापासून पश्चात्ताप हवा, सोबत पुन्हा न करण्याचा निश्चय. तो नसेल, तर फादरने क्षमेचे शब्द उच्चारूनही क्षमा लागू होत नाही. पडताळायचं तर १९८३ च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेचं, कलम ९८७ वाचावं. चोरलेलं शक्य तेवढं परतही करावं लागतं. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात (५:२३-२४) येशू सांगतो: अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.