खाकी कॅम्पबेल: भातखाचरातून परसात

परसात अंड्यांसाठी बदकं पाळायची म्हणून चौकशी सुरू केली, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘खाकी कॅम्पबेल’ हे नाव कानावर पडतं. यातला ‘खाकी’ शब्द आपल्याकडचा, ‘कॅम्पबेल’ हे इंग्लंडमधल्या एका बाईचं आडनाव आणि पक्ष्याचे पाय इंडोनेशियातल्या भातखाचरांतले. त्या पायांपासूनच सुरुवात करावी लागते.

पाळीव बदकांच्या जवळजवळ सगळ्या जाती हिवाळ्यात उत्तर भारतात उतरणाऱ्या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून आल्या. लाल चामखिळींच्या तोंडाचं, फारसं न ओरडणारं मस्कोव्ही बदक तेवढं वेगळ्या प्रजातीचं, मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. जावा, बाली, लोंबोक या बेटांवर बदकांचे कळप रोज सकाळी चालवत खाचरात न्यायची रीत होती. राखणदार बांबूच्या काठीला पांढरं फडकं बांधून ती बांधावर रोवायचा आणि कळप दिवसभर त्या काठीच्या आसपास चरायचा. अशा जगण्यात फेंगडं, जड बदक मागेच पडणार. टिकली ती सडपातळ, ताठ मानेची, बाटलीला पाय फुटावेत तशी दिसणारी. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस 1856 मध्ये लोंबोकला होता. तांदळाच्या जहाजांवरचे खलाशी या बदकांना ‘बालीचे शिपाई’ म्हणतात, अशी त्याची नोंद आहे.

एकोणिसाव्या शतकातच ही बदकं जहाजांतून ब्रिटनला पोहोचली आणि त्यांचं नाव पडलं ‘इंडियन रनर’. पूर्वेकडून आलेलं ते सगळं ‘इंडियन’, असा तो काळ. भारताशी या जातीचा एवढाच संबंध.

ग्लॉस्टरशरमधल्या युली गावच्या अडेल कॅम्पबेल यांच्याकडे अशीच एक रनर मादी होती. अंडी भरपूर द्यायची, पण अंगावर मांस नाही. घरच्यांना ताटात बदकही हवं होतं. म्हणून त्यांनी तिला रूआँ जातीच्या जाडजूड नराशी जुळवलं आणि पुढे त्यात रानबदकाचं रक्त मिसळलं. 1898 च्या सुमाराला ‘कॅम्पबेल’ बदक लोकांसमोर आलं. तेव्हा फिकट बदामी रंगाची चलती होती. बाईंनी तो साधायचा प्रयत्न केला, पण निघाला मातकट तपकिरी. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होतं आणि इंग्रज सैनिकांचा गणवेश त्याच रंगाचा, म्हणून नाव झालं खाकी. तो गणवेशही 1840 च्या दशकात पेशावरकडच्या इंग्रजांच्या गाइड्स पलटणीतून सुरू झालेला. खाक म्हणजे धूळ.

मांसाचा हेतू बाजूला राहिला आणि हे बदक गाजलं ते अंड्यांवर. उत्तम खाद्य आणि निगा असेल तर वर्षाला 300 च्या आसपास अंडी. परसात खरकट्या-कोंड्यावर तेवढी मिळणार नाहीत, हेही तेवढंच खरं. या कामगिरीची किंमत अशी, की खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक बसत नाही. पिल्लं हवी असतील तर अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. कोंबडीची अंडी 21 दिवसांत उबतात, बदकाची 28. बिचारी कोंबडी आठवडाभर जास्त बसते आणि पुढे पिल्लं पाण्यात शिरली की काठावर उभी राहून आकांत करते.

बागेतल्या उपयोगाची कथा अंड्यांहून वेगळी नाही. खाचरात किडे-गोगलगायी वेचणारं पोटच अंडी देत होतं. चीनमध्ये फूच्यान प्रांतातल्या चन चिंगलुन याने 1597 मध्ये टोळांवर बदकं सोडण्याची पद्धत लिहून ठेवली. 2020 साली चीन पाकिस्तानात टोळधाडीवर एक लाख बदकं पाठवणार, ही बातमी गाजली ती याच परंपरेच्या जोरावर. बदकाला पाणी लागतं, वाळवंटात ते काय करणार, असं चीनमधल्याच एका प्राध्यापकाने म्हटल्यावर ती विरली. केरळच्या कुट्टनाडमध्ये कापणीनंतर सांडलेल्या भातावर हजारोंचे कळप चरतात. चारा आणि चेंबल्ली या तिथल्या जाती. जपानमध्ये ताकाओ फुरुनो यांनी 1988 पासून उलट केलं, उभ्या पिकात पिल्लं सोडली. ती तण आणि किडे खातात, पाणी ढवळतात, विष्ठेचं खत देतात. लोंबी धरली की मात्र त्यांना बाहेर काढावं लागतं, नाहीतर भातही तीच खातात.

आपल्याकडे हा विषय निघतो तो गोगलगायींमुळे. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी रातोरात फस्त केली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं, हाताने वेचणी, मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशक विषाच्या गोळ्या, सगळं झालं. एकरांच्या शेतावर चार बदकं हा काही उपाय नव्हे, आणि शंखी गोगलगाय पूर्ण वाढली की बदकाच्या घशाखाली उतरत नाही. पण परसबागेत गोगलगायींची अंडी आणि बारीक गोगलगायी वेचायला त्यांच्यासारखं दुसरं कोणी नाही. फक्त जिथे मेटाल्डिहाइड टाकलंय तिथे बदकं सोडायची नाहीत, त्यांनाही ते विषच. रोपं हातभर होईपर्यंत वाफ्याला जाळी लावायची. मेथी-कोथिंबीर तर कायमच जाळीआड, कारण कोंबडीसारखं उकरत नसलं तरी बदक पाला खातं आणि चपट्या पायांनी वाफा तुडवतं. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड चुकूनही घालू नये. त्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाला बदकाची पिल्लं फार लवकर बळी पडतात.

तळं लागतंच असं नाही. डोकं डोळ्यांपर्यंत बुडेल एवढं खोल घमेलं पुरतं. ते तासाभरात चिखल-विष्ठेने काळं होतं, म्हणून रोज बदलावं लागतं. कोकणात मोरीचं पाणी जसं आळवाला आणि केळीला सोडतात, तसंच हे घमेलंही केळीच्या बुंध्याशी उपडं करायचं.