दही लागत नाही तेव्हा

दूध नीट उकळलं, विरजणही ताजं, तरी दही लागत नाही. पुण्याच्या डिसेंबरातल्या गारठ्यात हे साहजिक आहे. ऐन एप्रिलमध्ये झालं, तर दुधात प्रतिजैविक उरल्याची शंका घ्यावी.

गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाला की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. त्यानंतर काही दिवस ते दूध विकायचं नसतं. नेमका अवधी औषधाच्या वेष्टनावर छापलेला असतो. तो पाळला नाही, की पेनिसिलिनसारख्या औषधाचा अंश दुधात उतरतो. दही लावणारे जिवाणू त्याच्या अगदी थोड्या अंशानंही मंदावतात, आणि घरच्या उकळीनं तो अंश जात नाही. पडताळायचं तर दोन ठिकाणचं अर्धा-अर्धा लिटर दूध उकळून कोमट करा, एकाच विरजणाचा एकेक चमचा घालून शेजारी ठेवा. एकच लागलं, तर दोष विरजणाचा नाही.

औषध वारंवार दिलं, की साधे जिवाणू मरतात आणि त्याला दाद न देणारे उरतात. कोंबड्यांच्या खाद्यातून वाढीसाठी औषध दिलं तरी हेच घडतं. २०१५ साली चीनमधल्या ई. कोलाय जिवाणूंत कोलिस्टिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारं जनुक सापडलं. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होतं. कोलिस्टिन हा अत्यवस्थ रुग्णासाठी शेवटचा उपाय. भारतानं २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

असा जिवाणू औषधाला दाद देत नसला, तरी उष्णतेनं इतरांसारखाच मरतो. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचलं की पुरे. घात होतो तो आधी: नळाखाली चिकन धुताना तुषार ओट्यावर उडतात आणि त्याच सुरीनं कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. काकडी शिजत नाही. म्हणून चिकन न धुता थेट पातेल्यात घाला. सुरी-पाट वेगळे ठेवा.

खव्याची गोष्ट निराळी. पिकलेल्या जखमेच्या हातातून त्यात स्टॅफिलोकोकस हा जिवाणू गेला आणि खवा उबेत राहिला, तर हा जिवाणू विष तयार करतो. परतल्यावर जिवाणू मरतो, विष टिकतं. रात्रभर बाहेर राहिलेला खवा, वास चांगला असला तरी, टाकून द्यावा.