लोकल अडते ती फलाटावर

उपनगरी रेल्वे वाढवायची म्हटलं की आपण नवे रूळ मोजायला लागतो. ठाण्याला ते कमी मिळालेले नाहीत. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथेच आली, २००४ मध्ये ऐरोली, घणसोलीवरून वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली, २०२२ मध्ये दिव्यापर्यंतची पाचवी-सहावी मार्गिका. तरी सकाळच्या गर्दीत कल्याणकडची गाडी ठाण्याच्या तोंडाशी थबकतेच.

कागदावर ढोबळ हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद इतका उतरत गेला, तर ती २१ सेकंदांत थांबते. फलाटावर ३० सेकंद. निघताना वेग त्याच हिशेबाने ०.५ ने वाढला, तर सुमारे २५० मीटर लांबीची बारा डब्यांची गाडी फलाट सोडायला ३२ सेकंद घेते. झाले ८३. त्यावर सिग्नल आणि मागच्या गाडीचं सुरक्षित अंतर धरून दोन गाड्यांत तीन मिनिटं ठेवली, तर तासाला २० गाड्या.

आता उतरणाऱ्यांच्या रेट्यात थांबा ३० सेकंदांचा ६० झाला समजा. अंतर साडेतीन मिनिटं, गाड्या १७. तीन गाड्या, म्हणजे छत्तीस डबे, एका फलाटाने गिळले! मुलुंड, भांडुप कितीही मोकळं असो, मार्गाची क्षमता ठरते ती सर्वांत अडलेल्या फलाटावर.

उलट गाडी पंधरा डब्यांची केली तर जागा पाव पटीने वाढते आणि फलाट मोकळा व्हायला जेमतेम चार सेकंद जास्त लागतात. मला हा सौदा फारच स्वस्त वाटतो, अर्थात फलाट लांबवायला जागा असेल तर.

ठाण्यात उतरणाऱ्या कितीतरी जणांचं ठाण्यात कामच नसतं. डोंबिवलीहून ऐरोली, घणसोलीला निघालेले लोक इथे उतरून ट्रान्स-हार्बरसाठी पुलावरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे धावतात. ठाणं टाळून कल्याणहून थेट वाशीकडे जाता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग आखला तो त्यांच्यासाठी. त्यातलं दिघा गाव स्थानक २०२४ मध्ये सुरू झालं. नकाशावर हा तुकडा किरकोळ दिसतो, पण ठाण्याचा थांबा आखडायचा तर तोच हवा. मात्र वाशीची गाडी कल्याण ते कळवा जुन्याच रुळांवरून जाणार असेल, तर त्या वीसांतली जागा तिलाही द्यावी लागेल आणि सीएसएमटीची तेवढी एक कमी होईल.