धावपट्टीवरचा आकडा आणि कॉकपिटमधलं होकायंत्र

27 ऑगस्ट 2006. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला लेक्सिंग्टनचा विमानतळ, पहाटे सहाची वेळ, अजून उजाडलेलं नव्हतं. 50 जणांना घेऊन निघालेल्या जेट विमानाला टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, धावपट्टी 22 दिली होती. वैमानिकांनी विमान वळवलं ते धावपट्टी 26 वर. 22 ची लांबी 7003 फूट, 26 ची फक्त 3501 फूट, आणि तिच्या कडांचे दिवेही बंद. धावपट्टी संपली तरी विमान नीट उचललं नव्हतं. 49 जण गेले, फक्त सहवैमानिक वाचला.

22 कडे जाणारा रस्ता 26 ओलांडूनच पुढे जात होता. म्हणजे पहिली धावपट्टी आली की हीच आपली असं वाटणं सहज शक्य होतं. पण 22 आणि 26 या नुसत्या आकड्यांतच 40 अंशांचा फरक आहे. तो समोरच्या होकायंत्रावर दिसत होता. बघायचं राहून गेलं.

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे अनुक्रमांक नव्हे, दिशा आहे. चुंबकीय उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धावपट्टीची दिशा मोजायची, जवळच्या दहाच्या पटीत आणायची आणि शेवटचं शून्य टाकून द्यायचं. 224 अंश असेल तर 22, 226 असेल तर 23. पूर्वेकडे तोंड असलेली 09, पश्चिमेकडे 27, उत्तरेकडे 36. शून्य क्रमांकाची धावपट्टी नसते. एकाच पट्टीच्या दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी 18 चा फरक असतो, कारण उलटी दिशा म्हणजे 180 अंश. 22 चं दुसरं टोक 4, 26 चं 8. अमेरिकेत एकेरी आकडा तसाच रंगवतात, आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याच्या आधी शून्य लावून 04 लिहितात. शेजारी-शेजारी समांतर पट्ट्या असतील तर आकड्यापुढे डावी, मधली, उजवी सांगणारी एल, सी, आर ही अक्षरं येतात. अटलांटात पाच समांतर पट्ट्या आहेत. पाचही जवळपास एकाच दिशेच्या असूनही तिथे 8, 9 आणि 10 असे तीन वेगळे आकडे वापरले आहेत. तीनच अक्षरांत पाच पट्ट्या एका आकड्यावर बसत नाहीत.

धावपट्टी जागची हलत नाही, पण चुंबकीय उत्तर हळूहळू सरकते. त्यामुळे काही दशकांनी आकडा जुना होतो. फ्लोरिडातल्या टॅम्पा विमानतळावर 2011 साली 18/36 हे आकडे खोडून 19/1 रंगवावे लागले. काम नुसत्या रंगाचं नसतं. पाट्या, नकाशे, सगळं बदलावं लागतं, म्हणून विमानतळ हे शक्य तितकं लांबणीवर टाकतात. यात शिकाऊ वैमानिकाने एक खाचखळगा लक्षात ठेवायचा: छापील हवामान अहवालातली वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते आणि टॉवर रेडिओवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून. वाचलेली खरी, ऐकलेली चुंबकीय. जिथे या दोन उत्तरांमधलं अंतर 15 अंशांचं असेल तिथे बाजूच्या वाऱ्याचा हिशोब चांगलाच चुकू शकतो.

आता जमिनीवरचे रंग. पांढरं ते धावपट्टीचं, पिवळं ते टॅक्सीवेचं, म्हणजे विमानाने चालत जायच्या रस्त्याचं. धावपट्टीच्या सुरुवातीला आडव्या ओळीत मांडलेले जाड पांढरे पट्टे दिसतात. ते मोजले की रुंदी कळते: 4 पट्टे म्हणजे 60 फूट, 6 म्हणजे 75, 8 म्हणजे 100, 12 म्हणजे 150. ही माहिती परीक्षेपुरती नाही. सवयीपेक्षा अरुंद पट्टी समोर आली की आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असा डोळ्यांचा समज होतो आणि विमान नकळत खाली जातं. रुंद पट्टीवर उलटं होतं. आधीच रुंदी माहीत असेल तर डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवता येतं. मधल्या तुटक रेषेचाही असाच उपयोग आहे. अमेरिकी मापात एक रेघ 120 फूट आणि पुढची मोकळी जागा 80 फूट. पाच रेघा मागे पडल्या की 1000 फूट संपले.

काही धावपट्ट्यांच्या सुरुवातीला पांढरे बाण एका जाड आडव्या रेषेकडे बोट दाखवत असतात. विमान उतरवण्याची जागा त्या रेषेपासून पुढे आहे, असा त्यांचा अर्थ. बहुतेक वेळा अलीकडे झाडं, इमारत किंवा टेकडी असते आणि चाकं अगदी टोकाला टेकवायला गेलं तर विमान त्यांच्या फार जवळून जाईल, म्हणून रेषा आत घेतलेली असते. बाणांच्या भागावरून टॅक्सी करता येते, उड्डाणाची धाव सुरू करता येते, पलीकडून उतरलेलं विमान तिथे थांबवताही येतं. फक्त त्या टोकाकडून येऊन तिथे चाकं टेकवायची नाहीत. याउलट बाणाच्या टोकासारख्या पिवळ्या रेघांच्या नक्षीचा भाग कशालाच वापरायचा नाही, टॅक्सीलासुद्धा नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो मात्र चार पिवळ्या रेषांना. टॅक्सीवे धावपट्टीला मिळायच्या आधी रस्त्यावर आडव्या चार रेषा काढलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा तुमच्या बाजूला असतील तर थांबा. परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. तुटक रेषा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर पडताय. ओलांडा, थांबू नका. भिंत एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली आत जाताना: नवखा वैमानिक पुढचं चाक रेषेपाशी आणून थांबतो. पण पंखा आणि नाक चाकाच्या बरंच पुढे असतं, ते रेषेपलीकडे गेलेलं असतं. विमानाचा कुठलाही भाग रेषेवर येऊ द्यायचा नाही. दुसरी चूक बाहेर पडताना होते आणि ती जास्त दिसते. उतरून टॅक्सीवेवर वळलं की हायसं वाटतं, ब्रेक लावला जातो आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर घ्यायची, दिवे बंद करायची यादी सुरू होते. शेपूट अजून रेषेच्या अलीकडे, म्हणजे धावपट्टीच्या बाजूला असतं. नियमाच्या दृष्टीने धावपट्टी अजून मोकळी झालेली नाही, आणि मागून उतरायला आलेल्या विमानाला टॉवरला परत वर पाठवावं लागतं. शेपटासकट पूर्ण विमान रेषेपार गेल्यावरच थांबायचं, यादी मग.

रेषेच्या बाजूला लाल पाटी असते, तिच्यावर पांढरे आकडे. लाल पाटी म्हणजे पुढे परवानगी लागते. त्या आकड्यांचा क्रमही बोलका असतो: ‘4-22’ असं लिहिलेलं असेल तर धावपट्टी 4 ची सुरुवात डाव्या हाताला आणि 22 ची उजव्या हाताला. टॉवरने 22 दिली आहे, मग उजवीकडे जायचं. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर असेल तर ते तुम्ही आता कुठे आहात ते सांगतं. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण असेल तर कुठला रस्ता कुठे जातो ते. टॅक्सीवेंना इंग्रजी अक्षरं देतात, त्यात आय आणि ओ टाळतात, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. एक्स टाळतात कारण फुली म्हणजे बंद. हे सगळं घरी बसून विमानतळाच्या आराखड्यावर बघून ठेवावं. अमेरिकी आराखड्यांवर जिथे गोंधळ होण्याचा धोका जास्त त्या जागांना ‘हॉट स्पॉट’ म्हणून वर्तुळ केलेलं असतं, आणि आधी त्याच वर्तुळांकडे बघावं.

टॉवरने दिलेली धावपट्टी आणि ‘अलीकडे थांबा’ ही सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, चालत नाही. अमेरिकेत 2010 पासून वाटेतली प्रत्येक धावपट्टी ओलांडायला वेगळी परवानगी लागते. त्याआधी ‘22 पर्यंत टॅक्सी करा’ एवढ्यात मधल्या पट्ट्या ओलांडायची मुभा गृहीत असे.

रात्री रंगांचा अर्थ थोडा बदलतो. टॅक्सीवेच्या कडा निळ्या, मध्यरेषा हिरवी. धावपट्टीच्या कडा पांढऱ्या, सुरुवात हिरवी, शेवट लाल. उतरताना बाजूला चार दिव्यांची ओळ असते, तिला ‘पापी’ म्हणतात. नावावर जाऊ नका, फार प्रामाणिक दिवे आहेत. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही पांढरे म्हणजे तुम्ही फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली.

धावपट्टीवर विमान सरळ उभं केलं की पॉवर देण्याआधी एक काम: रंगवलेला आकडा, होकायंत्र आणि दिशादर्शक जायरो (वेगाने फिरणाऱ्या चक्रावर चालणारं दिशा दाखवणारं उपकरण), तिन्ही एकमेकांशी ताडून बघा. पॉवर देण्याआधीच का, यालाही कारण आहे. होकायंत्राची चकती थोडी झुकून लटकलेली असते. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून वेग घेतला की ती मागे ओढली जाते आणि विमान उत्तरेकडे वळतंय असं दाखवते. म्हणजे धाव सुरू झाल्यावर बघाल तर बरोबर धावपट्टीवर असूनही आकडा चुकीचा दिसेल. जायरो वेग वाढल्याने फसत नाही, पण तो हळूहळू सरकतो, म्हणून दर 15 मिनिटांनी सरळ आणि स्थिर उडताना होकायंत्रावरून लावून घ्यायचा. टॅक्सी करताना वळणावर चकती मोकळेपणाने फिरते का आणि आतलं द्रव पुरेसं आहे का, तेही तेव्हाच दिसतं.

पडद्यांनी भरलेल्या आधुनिक कॉकपिटमध्येही काचेवर लिंबाएवढं होकायंत्र लटकलेलं दिसतं. त्याला वीज लागत नाही, हे एक. दुसरं म्हणजे कायदा. अमेरिकी उड्डाण नियमांच्या कलम 91.205 मध्ये दिवसा डोळ्यांनी बघून उडण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी आहे. शिकणारे ती ‘ए-टोमॅटो-फ्लेम्स’ अशी अक्षरं जुळवून पाठ करतात. वेग, उंची आणि चुंबकीय दिशा दाखवणारी तीन उपकरणं; इंजिनासाठी फेऱ्यांचा मीटर, तेलाचा दाब आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तेलाचं तापमान; प्रत्येक टाकीला इंधनाचा काटा; चाकं आत जाणारी असतील तर ती कुठे आहेत ते दाखवणारे दिवे; सुरक्षा पट्टे; आणि बहुतेक विमानांना अपघातात आपोआप संदेश पाठवणारं यंत्र. यात कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, नाही, चढ-उताराचा वेग दाखवणारा काटाही नाही. दिवसा खरं क्षितिज समोर असतं.

इंधनाच्या काट्याबद्दल एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: ‘तो फक्त रिकामा असताना बरोबर दाखवला पाहिजे.’ नियम तसं म्हणत नाही. वापरता न येणारं इंधन उरलं की काट्याने शून्य दाखवावं, एवढाच शून्याचा अर्थ त्यात ठरवलेला आहे. बाकी वेळी काट्याने काहीही दाखवावं अशी मुभा त्यात नाही. दांडी घालून टाकी काठोकाठ भरल्याची खात्री केली तरी एका टाकीचा काटा मेलेला असेल तर विमान नियमात बसत नाही.

मग एखादी वस्तू बिघडली तर? विमानाची स्वतःची मंजूर सवलत-यादी (कोणत्या वस्तू बिघडल्या तरी उडता येतं ते सांगणारी) नसेल, आणि शिकायच्या छोट्या विमानांना ती बहुधा नसते, तर चार ठिकाणी शोधायचं: ती वस्तू विमानाच्या प्रकार-मंजुरीत दिवसाच्या उड्डाणासाठी सक्तीची आहे का, विमानाच्या पुस्तिकेतल्या उपकरण-यादीत आवश्यक म्हटली आहे का, 91.205 किंवा दुसऱ्या कुठल्या नियमात आहे का, आणि सुरक्षिततेसाठी नंतर निघालेल्या एखाद्या आदेशात आहे का. एका जरी ठिकाणी ‘हो’ आलं तरी उड्डाण नाही. चारही ठिकाणी ‘नाही’ आलं तर ती वस्तू काढून टाकायची किंवा निकामी करायची, आणि तिच्यावर ‘इनऑपरेटिव्ह’ अशी चिठ्ठी लावायची. शेवटी, तिच्याशिवाय धोका नाही, हे योग्य परवाना असलेल्या वैमानिकाने किंवा मेकॅनिकने ठरवायचं. शिकाऊ वैमानिकाने हे एकट्याच्या जबाबदारीवर करू नये. चिठ्ठी विसरणं ही इथली नेहमीची चूक, कारण बिघाड ज्याला माहीत असतो तो चिठ्ठी न लावताच घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच काट्याकडे बघून कुणीतरी निर्णय घेतो.

रात्रीसाठी यादीत भर पडते: पंखांच्या टोकांचे आणि शेपटीचे दिवे, टक्कर टाळणारे लुकलुकणारे दिवे, पुरेशी वीज, आणि फ्यूज असतील तर हाताशी प्रत्येक प्रकारचे तीन जादा किंवा पूर्ण एक संच. उतरताना लावायचा मोठा दिवा मात्र नियमाने फक्त मोबदला घेऊन चालवलेल्या विमानाला सक्तीचा आहे. खासगी विमानाचा तो दिवा बंद असेल आणि बाकीच्या तीन ठिकाणीही तो लागत नसेल, तर चिठ्ठी लावून रात्री निघणं कायद्यात बसतं. पण धावपट्टीच्या टोकावरचा रंगवलेला आकडा स्वतःहून चमकत नाही. अंधारात तो वाचायचा असतो तो आपल्याच विमानाच्या उजेडात.